आम्हाला होळीला मोजा

जनगणनेचं काम पाहणाऱ्या आणि आदिवासी भागाचे आराखडे तयार करणाऱ्या सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधींना,

सप्रेम नमस्कार.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यातला, सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा पावरा आदिवासी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. 2011 च्या जनगणनेत मी प्रगणक होतो आणि मला नेमून दिलेल्या गटात माझा स्वतःचा पाडाही आला होता. म्हणजे माझ्या पाड्यावर माणसं किती, हे सरकारला सांगणारा माणूस मीच. मी दिलेली संख्या नियमानं बरोबर होती, पण खरी नव्हती. पंधरा वर्षं ही गोष्ट मनात घेऊन फिरतो आहे. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिनांक, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरतात तो, 1 मार्च 2027 ठरला आहे, म्हणून आता लिहायला बसलो.

पाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कुणाच्या घरात काय नोंदवलं ते बाहेर सांगायला 1948 चा जनगणना कायदा बंदी करतो, आणि ती बंदी मला मान्य आहे. माणसानं विश्वासानं सांगितलेली माहिती पत्रात टाकायची नसते. नाव नसलं तरी बिघडत नाही, कारण सातपुड्यात असे पाडे डोंगराडोंगरावर आहेत.

2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी अशी होती. मी शाळा सुटली की फॉर्मांची थैली घेऊन निघायचो. आमच्याकडे घरं एकमेकांना चिकटून नसतात. ज्याचं शेत त्याचं घर, एका टेकाडावर एक, दुसरं नाल्यापलीकडे. हाक मारली तर ऐकू येतं, पण पोचायला अर्धा तास लागतो. मी पोचायचो तेव्हा निम्म्याहून जास्त घरं बांधलेली असायची. बांधलेली म्हणजे कुलूप लावलेली नव्हे. बांबूच्या कुडाचं दार काथ्याच्या दोरीनं बांधायचं आणि गुरं आत शिरू नयेत म्हणून समोर बोरीची फांदी आडवी टाकायची. अंगणात चूल, चुलीत गार राख. एका ओट्यावर म्हातारी दोन नातवंडांना घेऊन बसलेली. मी विचारलं, घरात कोण कोण? तिनं बोटावर आठ नावं मोजली. मी फॉर्मवर तीन लिहिली. बाकीचे पाच ऊसतोडीला गुजरातेत गेले होते आणि मोजणीच्या काळात परत येणार नव्हते. जो त्या सगळ्या दिवसांत घरी नसेल त्याला घरी मोजायचं नाही, तो जिथे असेल तिथला प्रगणक त्याला मोजेल, असा नियम. म्हातारीला वाचता येत नव्हतं, पण मी कितीदा लिहिलं हे तिनं पाहिलं होतं. ती म्हणाली, "गुरुजी, बाकीचे काय मेले का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते पाच जण तिथे उसाच्या फडावर पालात राहत होते. तिथल्या प्रगणकानं त्यांना मोजलं असेल, तर ते त्या गावच्या आकड्यात गेले. म्हणजे शाळा, रस्ता, दवाखाना यांचा त्यांचा वाटा अशा गावाला मिळाला, जिथे ते पाच महिने ऊस तोडतात आणि जिथली शाळा त्यांच्या पोरांना ओळखत नाही. मोजलं नसेल, तर ते कुठेच नाहीत.

आमच्या जिल्ह्याला मोजणीचं अप्रूप नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला याच जिल्ह्यात, टेंभलीला दिलं गेलं. आज आमच्या पाड्यावरही बहुतेकांकडे आधार आहे, रेशनकार्ड आहे, मतदार यादीत नाव आहे. निवडणुकीच्या वेळी मुकादमाकडून सुट्टी काढून, टेम्पोत उभं राहून लोक मत द्यायला येतात. माणूस म्हणून आमची नोंद सगळीकडे आहे. पाड्याची लोकसंख्या म्हणून मात्र आम्ही निम्मेच उरतो, आणि विकासाचं बहुतेक सगळं या लोकसंख्येवर ठरतं.

तुम्हाला हे निकष पाठ असतील, पण आमच्या बाजूनं ते कसे दिसतात ते सांगतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेनं 2000 साली एक चांगली गोष्ट केली. महसुली गाव न धरता वस्ती हा घटक धरला, आणि आदिवासी भागासाठी लोकसंख्येची अट 500 वरून 250 वर आणली. सप्टेंबर 2024 मध्ये या योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला, त्यात वस्तीची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची धरायची आहे. म्हणजे मी त्या फेब्रुवारीत बांधलेल्या दारांसमोर उभा राहून जे आकडे लिहिले, ते आजही रस्ता द्यायचा की नाही हे ठरवत आहेत. आमचा पाडा फेब्रुवारीत अडीचशेच्या बराच अलीकडे राहतो. होळीला मोजाल तर तीनशे ओलांडतो.

अंगणवाडीचं तसंच. आदिवासी आणि डोंगरी भागात 300 लोकांमागे अंगणवाडी, 150 असतील तर मिनी अंगणवाडी. आरोग्य उपकेंद्र सपाटीवर 5,000 लोकांमागे, आमच्याकडे 3,000 मागे. प्राथमिक आरोग्य केंद्र तिकडे 30,000 ला, इकडे 20,000 ला. निकष सैल केले हे खरं आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही. पण सपाटीवरचे 5,000 लोक एका गावात किंवा शेजारच्या दोन गावांत सापडतात. आमचे 3,000 लोक किती डोंगरांवर विखुरलेले असतात हे त्या आकड्याला कळत नाही. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, असं शिक्षण हक्काचा नियम सांगतो. आमच्याकडे नकाशावरच्या एका किलोमीटरच्या मध्ये दरी असते. पावसाळ्यात सहा वर्षांच्या मुलानं ती उतरून नाला ओलांडून पुन्हा चढायची, तर ते अंतर किलोमीटरमध्ये सांगून काही उपयोग नाही. ते तासात सांगावं लागतं.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. माझ्या भावजयीला रात्री अकराच्या सुमारास कळा सुरू झाल्या. आशाताई आमच्याच पाड्यावरची, ती धावत आली. बाळ आडवं आहे, दवाखान्यात नेलंच पाहिजे, असं तिनं सांगितलं. 108 ला फोन लावायला भाऊ वरच्या टेकडीवर गेला, कारण रेंज तिथेच येते. गाडी निघाली, पण ती डांबर संपतं तिथपर्यंतच येणार. तिथून आमच्यापर्यंत पायवाट. मग बांबू काढला, त्याला घोंगडी दोन्ही बाजूंनी बांधली, भावजयीला झोळीत घेतलं. आठ जण होतो. चौघं खांद्यावर, चौघं पुढे-मागे बॅटरी धरून आणि खांदा बदलायला. चढावर झोळी मागे घसरते, म्हणून मागच्या माणसानं बांबू डोक्यावर घ्यायचा असतो. उतारावर उलटं. नाल्याला कमरेइतकं पाणी होतं, तिथे आम्ही दोन्ही हातांनी झोळी डोक्याच्या वर धरली. माझा पाय शेवाळावरून सटकला तेव्हा शेजारच्या पोरानं बांबू सोडला नाही, म्हणून आज मी हे लिहू शकतो. गाडीपाशी पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. बाळ-बाळंतीण दोघंही वाचली. तो मुलगा आता घरभर पळतो.

सातपुड्यात झोळी प्रत्येकाला ठाऊक आहे. अनेक घरांत झोळीत गेलेलं माणूस परत आलं नाही. आमचा रस्ता का होत नाही हे मी एका कचेरीत विचारलं, तेव्हा समोरच्या साहेबांनी संगणकावर पाहून शांतपणे सांगितलं, "लोकसंख्या बसत नाही." त्यांचा दोष नव्हता, त्यांच्यासमोर तोच आकडा होता. त्या खोलीत तो आकडा कुठून आला हे माहीत असलेला माणूस मी एकटाच होतो.

2023 मध्ये राज्यानं भगवान बिरसा मुंडा जोडरस्ते योजना आणली, आदिवासी पाडे बारमाही रस्त्यांनी जोडण्यासाठी. 'पाडा' हा शब्द शासनाच्या योजनेत आला याचा मला मनापासून आनंद झाला. आता ती यादी करताना पाड्यात किती माणसं दाखवली जातात, याकडे लक्ष द्या एवढंच म्हणणं आहे.

लोक जातात का, हेही सांगतो, कारण "हे लोक गावात थांबतच नाहीत" असं मी बैठकांत ऐकलं आहे. आमची शेती उताराची आणि पावसावरची. ज्वारी, मका, उडीद, तूर, थोडी भगर. दिवाळीपर्यंत पीक घरात येतं आणि नंतर जमीन कोरडी पडते. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो. घरातल्या आजारपणात, लग्नात, पत्र्यात ती उचल संपलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा त्याचा हिशेब. दिवाळी झाली की टेम्पो येतात. माझ्या हजेरीपटावर ते आठवड्याभरात दिसतं. एकेका ओळीत 'गै' सुरू होतो आणि पाच महिने चालतो. हंगामी वसतिगृहाची सोय झाली त्या वर्षी काही पोरं थांबली, हेही नोंदवतो. पण पाच वर्षांचं पोर आईशिवाय राहत नाही, आणि आईलाही कोयत्याच्या दुसऱ्या बाजूला उभं राहावं लागतं. रोजगार हमीचा कायदा या राज्यानं 1977 साली केला, देशाच्या आधी. काम दिवाळीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झालं आणि मजुरी वेळेवर मिळाली, तर निम्मे टेम्पो रिकामे परत जातील. मी हे छातीवर हात ठेवून सांगतो. गाव सोडून फडावर राहायची हौस कुणालाच नाही.

आणि ते परत येतात. होळीला येतातच. सातपुड्यात दिवाळीला एखादा आला नाही तर चालतं, होळीला नाही आला तर माणसं विचारायला लागतात. आधी भोंगऱ्याचे बाजार भरतात, मग होळी. काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते, ती बघायला बाहेरगावचे लोकही येतात, तुम्हीही कदाचित आला असाल. मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले बावा-बुध्या रात्रभर नाचतात. ते पाहताना एक गोष्ट लक्षात आली नसेल. त्या रात्री प्रत्येक पाड्यावरचं प्रत्येक दार उघडं असतं. 2011 ची होळी 19 मार्चला पेटली होती. 2027 ची 21-22 मार्चच्या सुमारास आहे. दोन्ही वेळा तुमची मोजणी अडीच-तीन आठवडे आधीच संपलेली.

होळीनंतर मोहाचा हंगाम जोरात असतो, मग आंबा. एप्रिल-मे मध्ये घरातलं प्रत्येक माणूस आमचूर करत असतं. कैऱ्या सोलायच्या, फोडी करायच्या, खडकावर पसरून कडक वाळवायच्या. फोड पांढरी राहिली तर भाव येतो. अवकाळीची एक सर आली की काळी पडते आणि व्यापारी तिला हात लावत नाही. मागच्या एका वर्षी दुपारी ढग आले तेव्हा शाळेतली पोरं खेळ टाकून ज्या खडकाजवळ होती तिथली आमचूर गोळा करायला धावली, कुणाची आहे हे न बघता. आमच्याकडे लाह असते. एकाच्या शेतावर, घराच्या छपरावर सगळ्यांनी जाऊन काम करायचं, त्यानं जेवण द्यायचं, पैसे नाहीत. शाळेची पायवाट आम्ही दर वर्षी लाहेनं दुरुस्त करतो. हे सांगतो कारण आराखड्यांत आमच्याबद्दल फक्त काय नाही तेच लिहिलेलं असतं: साक्षरता नाही, रस्ता नाही, वजन नाही. पाड्यावर काय आहे याचा रकाना मी अजून एकाही फॉर्मवर पाहिला नाही.

गणनेतून सुटण्याची किंमत आमच्या भागाला जुनी माहीत आहे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली 33 गावं बाधित झाली. ज्यांची नावं सर्वेक्षणात आली ते घोषित, ज्यांची राहिली ते अघोषित. पाणी दोघांच्याही घरात सारखंच शिरलं. पण अघोषित माणसाला आपण तिथे राहत होतो हे सिद्ध करण्यात वर्षानुवर्षं घालवावी लागली. आमच्याकडे 'अघोषित' हा शब्द शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही येतो.

आता मागणी सांगतो. फेब्रुवारीची मोजणी सगळ्या देशाची आहे, ती आमच्यासाठी पुढे ढकला असं मी म्हणत नाही. पण जनगणनेचा पहिला टप्पा, घरयादीचा, 2026 मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या काळातला आहे. त्यात घरोघरी विचारतात, या घरात साधारणपणे किती माणसं राहतात? तेव्हा आमची माणसं घरी असतात. म्हणजे पाड्याचा खरा आकडा तुमच्याच हाती येतो. मग फेब्रुवारीत दुसरा, छोटा आकडा येतो आणि योजना त्याच्यावर चालतात. हे दोन्ही आकडे पाड्यानुसार शेजारी शेजारी ठेवा. जिथे मोठी तूट दिसेल तिथे हंगामी स्थलांतर आहे असं माना आणि रस्ता, अंगणवाडी, उपकेंद्र, शाळा यांच्यासाठी घरयादीचा आकडा धरा. यासाठी नवा कायदा लागत नाही.

पाड्यानुसार, हे मी दोनदा लिहितो. महसुली गावाच्या एका ओळीत आमचे सात-आठ पाडे मिसळून जातात, आणि मग पंचायतीच्या कचेरीपाशी आलेली प्रत्येक सोय 'गावाला' मिळाली असं होतं. आमच्या गावात नळयोजनेची टाकी झाली आहे. माणशी रोज 55 लिटरचा हिशेब कागदावर जुळतो. पण टाकी खाली आहे आणि तीन पाडे तिच्यापेक्षा उंचावर आहेत. पाणी वर चढत नाही, बायका नाल्यातल्या झिऱ्यावरच जातात. पाडा नोंदला असता तर टाकी कुठे बांधायची हे कुणाही पोरानं सांगितलं असतं.

आणि पाडा म्हणजेच गाव, हे मी मनाचं सांगत नाही. आदिवासी भागातल्या पंचायतींचा विचार करणाऱ्या भूरिया समितीनं 1995 मध्ये हीच दिशा दाखवली. 1996 च्या पेसा कायद्यानं, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यानं, गावाची व्याख्याच तशी केली: वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जिथे एक समाज आपल्या रूढीपरंपरेनं आपला कारभार चालवतो. महाराष्ट्राचे पेसा नियम 2014 मध्ये आले, त्यात पाड्यानं ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्याकडे स्वतंत्र गाव म्हणून मागणी करायची वाट आहे. गडचिरोलीतल्या लेखा पंचायतीतलं मेंढा आठवा. आकारानं छोटंसंच, पण स्वतःची ग्रामसभा घेऊन बसलं, आणि 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत गेलं. आमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात बारीपाड्यानं उजाड डोंगर राखून जंगल उभं केलं, तिथल्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. त्या गावाच्या नावातच पाडा आहे. लहान वस्ती म्हणजे खर्चाचं ओझं, ही समजूत तुम्ही सोडावी अशी माझी हात जोडून विनंती आहे. "इतक्या वरती कशाला राहता, खाली या, सगळं मिळेल," हे वाक्यही कृपा करून बोलू नका. नर्मदेकाठची माणसं खाली गेली, त्यांना काय मिळालं हे त्यांना विचारा.

प्रगणकांसाठी एक छोटी गोष्ट. भाषेच्या रकान्यात न विचारता 'मराठी' लिहू नका. मी शिक्षक म्हणून मराठी दिवसभर बोलतो आणि ती माझीही झाली आहे, पण पहिलीत येणारं पोर पावरी बोलत येतं. विचारा, ते सांगेल.

आमच्या पाड्यानं ठरवलं आहे. 2027 च्या होळीनंतरच्या सकाळी आम्ही स्वतः मोजणी करणार. ग्रामसभेच्या वहीत, घरवार, बायकांच्या सह्या-अंगठ्यांसह. कुणी कुठल्या फडावरून परत आलं, कोण अजून तिथेच आहे, तेही लिहू. ती वही आम्ही तहसीलला देऊ, आदिवासी विकासाच्या प्रकल्प कार्यालयाला देऊ. तिला पुरावा माना किंवा निदान तुमच्या आकड्याशी ताडून बघा.

त्याहून चांगलं म्हणजे तुमच्यापैकी कुणीतरी त्या सकाळी या. गाडी डांबराच्या टोकाशी लावा, तिथून आमची पोरं तुम्हाला घ्यायला येतील. मार्चमध्ये नाला कोरडा असतो. दीड तासात पोचाल. ती म्हातारी अजून आहे, तिच्या घरी आता नऊ माणसं आहेत, आणि त्या दिवशी ती नऊही घरी असतील.

आपला नम्र,
एक शिक्षक, 2011 चा प्रगणक
अक्राणी तालुका, जि. नंदुरबार